गोळेबाबांचा हात

१९८१ च्या उन्हाळ्यात पेठ रस्त्यावरच्या एका आंब्याखाली दर रविवारी माणसांचा पूर लोटे. गोळेबाबा पोटातले गोळे नुसत्या हाताने काढत. सुरी नाही, टाका नाही. कुसाबाई नवऱ्याला, झुंबरला, आणि लेक चांगुणाला घेऊन रांगेत उभी होती. पोरीच्या बेंबीजवळ गाठ लागे, अन्न टिकत नसे.

"तुझ्या सासऱ्यानं नाग मारला होता," बाबांनी डोळे मिटून सांगितलं.

"सासरा तर साप दिसला की पळायचा."

"पळता पळता मारला."

झुंबरने हात जोडले. बाबांची बोटं पोटात शिरली, रक्त आलं, लालभडक गोळा निघाला. तो फडक्यात बांधून बाबांनी बजावलं, "न बघता नदीत सोडा."

वाटेतच चांगुणाला उलटी झाली. कुसाबाईने पोट चाचपलं. गाठ जागच्या जागी होती. तिने फडकं सोडलं. आत कोंबडीचं काळीज होतं.

"बाबा कोपतील," झुंबर कुजबुजला.

"कोपू दे. येष्टी थांबव."

नाशिकच्या दवाखान्यात कुसाबाईने बाबांची सगळी हकीकत सांगितली आणि डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. "जंतांचा गुंता झालाय. पोटात गोळा घेऊन मुलं आमच्याकडे नेहमीच येतात. कुणाची हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, कुणाच्या मूत्रपिंडाला गाठ. अशा गाठीचं एक लेकरू अशाच बाबांकडे कित्येक महिने घालवून आलं. फार उशीर झाला होता."

कुसाबाईने विचारलं, "पण बोटं आत शिरली ती?"

बाईंनी झुंबरला झोपवलं, कातडी दाबून बोटं आत दुमडली. बोटं पोटात गेल्यासारखीच दिसली. झुंबर किंचाळला. "दुखलं?" "नाय," तो ओशाळला. "काळीज आणि रंगाचा बोळा आधीच मुठीत असतो," बाई म्हणाल्या.

सलाईन आणि औषधाने जंत पडले. चांगुणा जेवू लागली.

पुढच्या रविवारी कुसाबाईने भर गर्दीत झुंबरला आडवा केला आणि त्याच्या पोटातून काळीज काढून दाखवलं. मग म्हणाली, "बाबा, आता तुम्ही. आधी मूठ उघडा."

बाबांना एकाएकी समाधी लागली. चेल्यांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं.

लोक पांगले नाहीत. म्हातारी यशोदाबाई पुढे आली आणि कुसाबाईच्या पायाशी वाकली. "माय, तुझ्याबी हाताला गुण हाय. माझा गोळा काढ."

कुसाबाईने तिला उठवलं. "आजी, माझ्या हातात काय नाय. पोटात गोळा कुणाच्याबी होतो, त्यात पाप नाय. तो कशाचा, हे तपासल्याबिगर कळत नाय. दवाखान्यात चला. मी येते संगं."