पारव्याच्या मानेची बरणी

समोरच्या मिसेस हॉलंड लंडनजवळचं आमचं वॉटफर्ड सोडून मुलीकडे राहायला गेल्या, तेव्हा झाकणाची एक बरणी आम्हाला देऊन गेल्या. चिनी मातीची, शंभरेक वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या कुठल्याशा कारखान्यातली. उजेडात फिरवली की जांभळी, हिरवी, मधेच तांब्यासारखी. थेट पारव्याची मान. मी ती खिडकीत ठेवली, माझ्या लहानग्या लेकीचा, दियाचा हात पोचणार नाही अशी.

पुढच्या आठवड्यात दुपारी दियाला नर्सरीतून घेऊन आले, तर बरणी ओट्यावर. तोंडाला पांढरा दादरा बांधलेला. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई हात पुसत म्हणाल्या, घरात नुसते प्लॅस्टिकचे डबे, आणि अशी छान बरणी रिकामी बघवेना. सकाळीच लिंबं उकडून गोड लोणचं घातलंय. बिनतिखटाचं, दियासाठी. लगेच खाता येतं.

जुन्या चकचकीत झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण माझ्या वाचण्याची घरात थट्टाच होते. खिडकीचा जुना रंग तपासायला मी किट मागवलं, तेव्हा सुश्रुत, माझा नवरा, म्हणाला होता, "आता हवाही उकळून घेत जा." आणि हे तर आईंच्या हातचं लोणचं.

दिया खुर्चीत बसून चमचा आपटत होती. आई दादऱ्याची गाठ सोडायला लागल्या.

"आई, ते नका देऊ तिला."

मग एका दमात सगळं सांगून टाकलं. शिसं, आंबट, लहान मुलांचा मेंदू. त्यांनी ऐकून घेतलं.

"पण खात्री नाही ना तुला?"

"नाही."

"मग पोरीवर कशाला करून बघायची?" म्हणत त्यांनी बरणी कचऱ्याच्या बिनमध्ये उपडी केली आणि दियाच्या वरणभातावर जरा जास्तच तूप वाढलं.

लोणच्याची बातमी त्यांनी सकाळीच लेकाला फोनवर दिली होती. संध्याकाळी बूट काढता काढता सुश्रुतनं विचारलं, कुठंय? मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाल्या, "टाकलं रे. बिघडलं."

"तुझ्या हातून? लोणचं?"

जेवण होईपर्यंत तो त्यांना चिडवत राहिला. आई मान खाली घालून जेवत होत्या. मधेच त्यांनी न विचारता माझ्या पानात आणखी भात वाढला.