एका हातानं उचलता येणारी खुर्ची

उद्यान विभागाच्या कारखान्यात मी रुजू झाले, त्या दिवशी फोरमननं माझ्यासमोर बागेतली एक खुर्ची ठेवली. मी बसायला गेले तर म्हणाला, "बसू नका, उचला." मी एका हातानं उचलली. सहज उचलली गेली.

त्याआधी बागेत ओतीव लोखंडाच्या खुर्च्या होत्या. एकदा ठेवल्या की जन्मभर तिथंच. मग पुलांचे आराखडे काढणाऱ्या एका बाईनं ही बनवली. पोकळ नळीचे पाय, त्यावर वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. पाणी साचू नये म्हणून पट्ट्यांमध्ये फटी, रेलणारा उलटू नये म्हणून मागचे पाय तिरके. नळीत शिरलेली ओल बाहेर पडावी म्हणून प्रत्येक पायाच्या तळाशी बारीक भोक. त्या बाईची अट एकच होती, असं फोरमन सांगतो: म्हाताऱ्या माणसाला खुर्ची हवी तिकडे वळवता आली पाहिजे. भौतिकशास्त्र शिकताना इतकं नेमकं उत्तर माझ्या वाट्याला क्वचितच आलं होतं.

माझ्या आत्याला ही अट कुणी सांगितली नव्हती, पण रोज संध्याकाळी ती तिचा पुरेपूर उपयोग करायची. तरुणपणी आलेल्या तापानंतर तिला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी तळ्याकाठी खुर्च्या ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसत. त्यातल्या एकीला आम्ही बडबडी म्हणतो. तिचा वेग कान असलेल्यांना झेपत नाही, आत्याला झेपतो. घरी आम्ही टीव्हीकडे, भांड्यांकडे, फोनकडे तोंड करून बोलतो. आत्याच्या वाट्याला पूर्ण वाक्यं यायची ती तळ्याकाठीच.

मग कुणीतरी गंमत म्हणून एक खुर्ची तळ्यात बुडवली आणि आमच्या विभागाच्या साहेबांनी ठरवलं: सगळ्या खुर्च्या फरशीला बोल्टनं पक्क्या करायच्या. एका रांगेत, तोंडं कारंज्याकडे.

"बोल्टसाठी पायांखाली पत्रा लावला की भोकं बुजतील," मी म्हटलं. "नळ्या आतून गंजतील."

"गंजू देत. तोवर माझी बदली झालेली असेल."

पहिली रांग तळ्याकाठीच बसवली. त्या संध्याकाळी मी आत्याबरोबर गेले. चौघी ओळीनं बसल्या, जणू दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. बडबडी सुरू झाली. आत्यानं मान वळवली, मग पलीकडची दिसावी म्हणून पुढे वाकली, मग पुन्हा इकडे. थोड्या वेळानं तिनं मानेवर हात ठेवला आणि समोर बघत राहिली. बडबडीच्या ते लक्षातच आलं नाही. ती कारंज्याला सगळं सांगत होती.

"घरी चल," आत्या मला म्हणाली. आपला आवाज किती चढतो हे तिला कळत नाही, त्यामुळे ते बागभर ऐकू गेलं. "इथंही आता घरच्यासारखंच झालंय."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना हे सांगितलं.

"एका बाईसाठी मी बाग बदलू?"

"बाग तर तुम्हीच बदललीत, साहेब."

"तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात," ते म्हणाले.

संध्याकाळी मी कारखान्यातून पाना घेतला. फोरमननं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "आत्याकडे." त्यानं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि दुसरा दिला. "तो निसटतो."

भरउजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी गुडघ्यांवर बसून बोल्ट काढायला लागले. पहिली खुर्ची सुटताच आत्यानं ती फिरवून बडबडीसमोर ठेवली आणि बसली. रखवालदारानं फोन केला असणार, कारण साहेब जवळजवळ धावतच आले आणि माझ्यावर ओरडायला लागले.

"अहो, मला सांगा," आत्या म्हणाली. "तोंड इकडे करून."

साहेब नाइलाजानं वळले. "आजी, हे सरकारी सामान आहे. तुमच्या भाचीची नोकरी जाईल."

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "काय गं? हे बोल्ट परत लाव. मी बसेन कारंज्याकडे बघत."

तिला ओठ नीट दिसावेत म्हणून मी मान वर केली आणि सावकाश म्हटलं, "जाऊ दे नोकरी."

"ती जाऊ दे म्हणतेय," आत्यानं साहेबांना कळवलं.

"ऐकलं मी!"

"मी नाही ऐकलं. मी बघितलं."

बघ्यांमध्ये हशा पिकला. साहेब लाल झाले. "उद्या सगळ्या परत ठोकून घेईन!"

"घ्या की," बडबडी म्हणाली. "आम्हाला संध्याकाळी दुसरा उद्योग काय? उद्या येताना आम्हीही पाने आणतो."

साहेब पाठ फिरवून फोनवर बोलायला लागले.

"काय म्हणतायत?" आत्यानं विचारलं.

"तुझ्या भाचीचं नाव सांगतायत कुणाला तरी," बडबडी म्हणाली.

"स्पष्ट सांगा म्हणावं. चुकायला नको."

पुढचा बोल्ट जाम होता. बडबडी उठली, माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून जोर लावला.