तीन ग्रेन जास्त

सकाळचे साडेसात वाजले होते. रेइनो कांगास तळघरातल्या बाकापाशी बसला होता आणि बाहेर जंगलात बार सुरू झाले होते. पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळासुद्धा बंद. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहाच आठवडे झाले होते म्हणून रेइनो घरी. नाहीतर गेल्या पन्नास वर्षांत या दिवशी त्यानं घरात कॉफी घेतली नव्हती.

बसून कंटाळा आला, म्हणून त्यानं काडतुसं भरायला घेतली होती. पितळी पुंगळी घ्यायची, काट्यावर बारूद तोलायची, पुंगळीत ओतायची, वर शिशाची गोळी बसवायची. पायाशी हीटरचा पंखा घरघरत होता. पाच-सहा काडतुसं झाल्यावर सहज, काही मनात नसताना, त्यानं एक गोळी उचलून नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. गोळ्यांच्या डबीवर छापलं होतं, दीडशे ग्रेन, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम. काट्यावर आकडे उमटले, एकशे सत्तेचाळीस.

त्यानं दुसरी ठेवली. एकशे सत्तेचाळीस. तिसरी. तेच.

काटा तीन ग्रेन कमी दाखवत होता. म्हणजे तो बारूद तीन ग्रेन जास्त घालत होता. आत्ताची पाच-सहा काडतुसं फेकून दिली की विषय संपला असता. पण गेल्या आठवड्यात याच बाकावर, याच काट्यावर, याच हीटरपाशी बसून त्यानं वीस काडतुसं भरली होती, बायकोच्या हाती पाठवून दिली होती, आणि ती आता आर्वोच्या खिशात होती.

आर्वो त्याचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून चार वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. शेवटची दोन वर्षं रेइनोनं आईला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. दफनाच्या दिवशी, माती टाकून होते ना होते तोच आर्वो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तू टाकलंस तिला तिथं." त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. आणि या सप्टेंबरात अचानक त्याचा फोन आला. वडिलांची जुनी रायफल त्याच्याकडे होती आणि तिची काडतुसं कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. "तू भरून देशील का?" आर्वोनं विचारलं. एवढंच. पण फोन ठेवल्यावर रेइनो किती तरी वेळ स्वयंपाकघरात नुसता उभा होता.

त्याच आठवड्यात तो हेइक्कीच्या बंदुकांच्या दुकानात नवा काटा घ्यायला गेला. हेइक्की त्याला शाळेपासून ओळखत होता.

"तुझा दांडीचा काटा काय झाला?" हेइक्कीनं विचारलं होतं. "तीस वर्षं त्यावर काम केलंस. हा बॅटरीचा खेळ कशाला? आधी तापू द्यावा लागतो, वारं लागलं की सरकतो, वर ट्यूबलाइट असली तरी बिथरतो. घ्यायचाच तर निदान तपासायची वजनं घे, आणि दर चार तोलांमागे बघ."

"जुना झाला तो," रेइनो म्हणाला होता.

जुना झाला नव्हता. दांडीवरच्या बारीक रेघा रेइनोला दिसेनाशा झाल्या होत्या. नव्या काट्याचे आकडे मोठे होते, निळे, अंगठ्याएवढे. तपासायची वजनं त्यानं घेतली नाहीत. ती घेतली तर काट्यावर भरवसा नाही, असं हेइक्कीपुढे कबूल केल्यासारखं झालं असतं.

आता त्यानं कपाटातून दांडीचा काटा काढला. पुसला. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून, तो शून्यावर आणला. आर्वोच्या वीस काडतुसांबरोबर भरलेली दोन जास्तीची बाकावरच होती. त्यातलं एक फोडून त्यानं बारूद पारड्यात ओतली. चिमूटभर बाहेर सांडली. ती कागदाच्या कडेनं गोळा करून पुन्हा पारड्यात घातली.

तीन ग्रेन जास्त. भरणीच्या पुस्तकात जी कमाल मर्यादा दिली होती, तिथपर्यंत तर त्यानं आधीच बारूद घेतली होती; भावासाठी चांगली जोरकस काडतुसं करायची म्हणून. त्याच्यावर हे तीन. आणि रायफल नव्वद वर्षांची; एवढ्या जोरानं ती गालापाशीच फुटायची.

"लेम्पी!" तो जिन्याखालून ओरडला. "गाडी काढ!"

लेम्पी, त्याची बायको, हातात कणकेचा गोळा घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली. त्याचा चेहरा बघून तिनं काय झालं ते विचारलं, आणि त्यानं दोन वाक्यांत सांगितलं.

"आर्वोला फोन कर."

"तिथं कुठं लागतो फोन!"

तिनं शेरिफच्या ऑफिसला लावला. पलीकडची बाई म्हणाली, आज पहिला दिवस, दोन माणसं हरवलीत, एक झाडावरून पडलाय, कुणी मोकळं झालं की पाठवते. दोन तास तरी धरा.

"दोन तास," रेइनो म्हणाला. तो बूट चढवत होता आणि वाकता येत नव्हतं. लेम्पी खाली बसली, तिनं त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. डॉक्टरनं काय सांगितलंय, हे ती बोलली नाही.

आर्वो शिकारीला उतरायचा ते जंगलातलं लाकडी घर पस्तीस मैलांवर. रस्त्यात बर्फ पातळच होता, पण लेम्पी हळू चालवत होती असं रेइनोला वाटत होतं आणि ती ताशी सत्तर मैलांनी चालवत होती. काच खाली करून तो ऐकत बसला. डावीकडून बार. लांब, टेकडीमागे दोन. पुन्हा एक.

"काच लाव, गारठलास."

"ऐकू दे."

"ऐकून काय कळणार आहे तुला? शंभर जण आहेत जंगलात."

"माहितीये मला."

"कदाचित त्यानं अजून एकही गोळी मारली नसेल. आर्वो कंजूष आहे. नळीला हरीण टेकल्याशिवाय चाप ओढायचा नाही."

रेइनोनं काच तशीच ठेवली. त्याच्या डोळ्यांसमोर तो खाणीत कामाला असतानाचा एक जुना सोबती होता, ज्याच्या गालात फुटलेल्या बंदुकीचा तुकडा घुसला होता. तो माणूस वाचला होता. पण कसा वाचला होता, तेही रेइनोला आठवत होतं.

मुख्य रस्ता सोडून आत वळल्यावर एक बर्चचं झाड आडवं पडलं होतं. गाडी पुढे जाईना. तिथून घर पाऊण मैल आणि आर्वोचं लपण, म्हणजे हरणाची वाट बघत बसायची फळ्यांची खोपटी, आणखी थोडं आत.

"मी जाते," लेम्पी म्हणाली.

"तुला लपण कुठं आहे ते सापडायचं नाही. तू इथं थांब, शेरिफचा माणूस आला तर दाखव."

नारिंगी कोट अंगावर चढवून, काठी टेकत तो निघाला. पहिली दोनशे पावलं बरी गेली. मग खुब्यात कुणी सुरी फिरवावी तशी कळ उठू लागली. एकदा तो पडला. बर्फात गुडघ्यावर बसून त्यानं देवाला सांगितलं की काय घ्यायचं ते माझं घे. मग झाडाला धरून उठला आणि पुढे गेला.

लपण दिसलं तेव्हा त्याला रायफलची नळी आधी दिसली. खिडकीतून हळूहळू बाहेर येत होती. पलीकडे, ओढ्याच्या काठी, एक मोठा नर मान खाली घालून उभा होता.

"आर्वो!" रेइनोनं होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली. "मारू नकोस! आर्वो! चापावरून बोट काढ!"

हरीण एका उडीत दिसेनासं झालं. नळी आत गेली. दार आपटत आर्वो बाहेर आला.

"डोकं फिरलंय का तुझं? आठ टोकांच्या शिंगांचा नर होता! चार वर्षं तोंड दाखवलं नाहीस आणि आता माझं हरीण पळवायला आलास?"

आर्वोच्या उजव्या गालावर रक्ताचे बारीक ठिपके होते, काळ्या काजळीत माखलेले.

"गोळ्या दे," रेइनो म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोल. या कानात सकाळपासून नुसती शिट्टी वाजतेय."

"एक मारलीस तू."

"मारली. नेम चुकला, आणि रायफल उघडेना. चाकूनं उचकटून काढली पुंगळी. म्हातारी झालीय रायफल, दुसरं काय."

"रायफल नाही. मी." रेइनो झाडाला टेकला. "बारूद जास्त पडलीय. सगळ्यांत. माझा काटा चुकला."

आर्वोनं त्याच्याकडे बघितलं. मग रायफल उघडून आतलं काडतूस तळहातावर घेतलं, आणि ते हातात असं धरलं, जणू ते गरम होतं. लाकडी दस्त्याला, मुठीपाशी, केसासारखी चीर गेली होती. ती त्यानंही आत्ताच पाहिली.

"तू चुकलास?" तो म्हणाला. "खाणीत सगळे तुझ्याकडून मापं तपासून घ्यायचे."

"मला रेघा दिसत नाहीत, आर्वो. दोन वर्षं झाली. म्हणून आकड्यांचा काटा घेतला."

"मग सांगायचं ना! मी दुसऱ्या कुणाकडून भरून घेतली असती."

"तू फोन केलास. चार वर्षांनी. आणि मी काय म्हणायचं होतं, मला जमत नाही?"

आर्वो ओंडक्यावर बसला. त्यानं कान चोळला. मग बोलला, पण ओरडून नाही.

"आईचंही हेच केलंस. तुला तिचं करणं झेपत नव्हतं, एवढं एक वाक्य तू बोलला नाहीस. आम्हाला सांगत राहिलास, तिथं तिची सोय चांगली आहे. झेपत नाही म्हणाला असतास तर मी आलो असतो, रेइनो. काम सोडून आलो असतो."

रेइनोला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. आश्रमातल्या नर्स चांगल्या होत्या, किंवा खिडकीतून सरोवर दिसायचं. हे सगळं तो चार वर्षं मनात घोळवत आला होता.

"नव्हतं झेपत," तो म्हणाला. "रात्री ती मला ओळखायची नाही. मारायची. मी एकदा तिचा हात मुरगळला. दुसऱ्या दिवशी तिला नेऊन ठेवलं."

आर्वोनं मान वर केली नाही. खिशातली काडतुसं काढून त्यानं एकेक करून टोपीत टाकली. मग खुब्याच्या कळेनं रेइनो खाली बसला तेव्हा आर्वो उठला, त्यानं भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि ते दोघं बर्चच्या झाडापर्यंत आले. लेम्पीनं आर्वोचा गाल बघितला आणि गाडीच्या दाराला धरून रडली.

डॉक्टर म्हणाले, आर्वोच्या कानाचा पडदा फाटलाय. थोडंफार ऐकू येईल, पूर्ण नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्यानं रायफल उघडून पाहिली आणि सांगितलं, यातून पुन्हा गोळी झाडू नका. आर्वो ती घरी घेऊन गेला. कुठं ठेवली, हे त्यानं सांगितलं नाही.

रेइनोनं उरलेली काडतुसं फोडली. दोन दिवस लागले. नाताळला आर्वो आला नाही, आणि रेइनोनं वाट बघितली नाही असं तो लेम्पीला म्हणाला, जे खरं नव्हतं. जानेवारीत रेइनोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन वाजला. आर्वो बर्फाबद्दल बोलला, छतावर दोन फूट साचलंय म्हणाला. मग मध्येच थांबला.

"जरा थांब, फोन दुसऱ्या कानाला लावतो," तो म्हणाला. "हां. आता सांग. आईनं मारलं तेव्हा, कुणाच्या नावानं हाका मारत होती ती?"

रेइनो खुर्ची ओढून बसला, आणि सांगू लागला.