येते हं

स्क्रू पुन्हा निसटला. मोहरीहूनही बारीक, चष्म्याच्या काडीच्या बिजागरीतला. चिमट्याच्या टोकावर क्षणभर उभा राहिला आणि टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यात कुठंतरी गडप झाला. ती श्वास रोखून फडक्याच्या घड्या उलगडत राहिली. बावीस वर्षं हेच काम, डोळे मिटून काडी बसवेन असं गिऱ्हाइकांना ऐकवते मी, आणि आज सकाळपासून हा तिसरा... दार लावलं असेल का मावशींनी? की आत्ता, या साडेअकराच्या टळटळीत वेळी, दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्ची मांडून बसल्या असतील – रस्त्यावरच्या कुणीही जिना चढावा आणि खुशाल आत शिरावं अशा?

"हात इथं आणि लक्ष भलतीकडंच," मालक काउंटरवरून म्हणाले. "स्क्रू पेरताय की काय दुकानात? उगवायचे नाहीत हो."

"सापडला," ती म्हणाली. सापडला नव्हता. डबीतून दुसरा घेतला.

मावशी समोरच्या दारात राहतात. तिच्या सख्ख्या नव्हेत; साऱ्या इमारतीच्याच त्या ऑपरेटर मावशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी जिन्यात हाक मारली तर आतून आवाज यायचा, "होल्ड करा, आले!" तेव्हा सगळे हसायचे. मग दूध दोनदोनदा घेतलं जायला लागलं, चपला फ्रीजमध्ये सापडल्या, एकदा पातेलं जळून घरभर धूर झाला, आणि हसणं आपोआप थांबलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मुलगा लांब, दोन दिवसांच्या प्रवासावर. तो फोनवर म्हणाला, ताई, तुम्ही जरा बघाल ना? जरा! त्या जराला आता आठ महिने होतील. सकाळी चहा, गोळ्या, दुपारचं ताट वाढून झाकून ठेवायचं, गॅस खालून बंद करायचा, आणि निघताना दारात – येते हं मावशी.

येते हं. किती वेळा म्हटलं असेल मी हे? आठ महिने, रोज एकदा. तोंडातून निघतं ते, पायात चपला सरकवता सरकवता, त्यात काही अर्थबिर्थ नसतो. निघणारा माणूस येतेच म्हणतो. जाते असं कोण म्हणतं?

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं तिला जिन्यात गाठलं. तोंडातली टाचणी काढून म्हणाला, "ताई, रागावू नका, पण त्या बाईंना एवढं का ताटकळत ठेवता?"

"मी? मी कुठं ठेवलं?"

"रोज दारात बसतात की. सकाळी तुम्ही गेलात की खुर्ची टाकतात. म्हटलं मावशी, जेवून घ्या. तर म्हणे, ती येते म्हणालीय, ती आली की बसू. चार-पाचपर्यंत बसतात, मग कंटाळून आत जाऊन पडतात."

ती हसली होती. खरंच हसली, काहीतरी गमतीचं ऐकल्यासारखी, आणि मग घरी जाऊन नवऱ्यानं दोनदा विचारलं तरी काय झालं ते तिला सांगता आलं नाही. कारण रात्री आठला ती पोचायची तेव्हा झाकलेलं ताट तसंच असायचं आणि त्याच्या शेजारी एक रिकामं ताट. रोज. हे रिकामं ताट तिला वाटायचं, विसरून काढलंय. रोज उचलून मांडणीवर ठेवत होते मी. आणि मुलाला फोनवर सांगत होते – जेवायचं साफ विसरतात हो, ताट तसंच.

विसरत नव्हत्या! साऱ्या दिवसात एवढी एकच गोष्ट धरून बसलेल्या होत्या.

आणि त्या वाक्यावरूनच मुलानं अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था शोधली. जेवायचं विसरते म्हणजे संपलंच, म्हणाला. तिथं एक खोली रिकामी झालीय, आज सातपर्यंत कळवायचंय, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार. "तुम्ही रोज बघता ताई. तुम्ही म्हणाल तसं. एकटी राहू शकते की नाही, एवढंच सांगा." मी परवाच नाही राहू शकत म्हणणार होते. जिभेवर होतं. आणि खरं सांगायचं तर – कुणाला सांगायचंय म्हणा – नाही म्हणताना मला हायसं वाटलं असतं. सकाळी अर्धा तास जास्त झोप. रविवार रविवारसारखा. सख्ख्या मुलानं जे करायचं ते मी का निस्तरायचं, असं मनात आलं नव्हतं असं थोडंच आहे? शंभरदा आलंय.

तिनं काच पुसून उजेडाकडे धरली. एक बारीक चरा. तो होताच की आपण पाडला? कळेना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि घास तोंडापर्यंत नेऊन परत ठेवला. तिकडं दोन ताटं मांडून झाली असतील.

आज सकाळी तिनं ठरवलं होतं. सरळ सांगायचं. गोळ्या दिल्या, गॅस बंद केला, दारात आली आणि एकेक अक्षर तोडून म्हणाली, "मावशी, जाते मी."

मावशींनी दचकून वर पाहिलं. ज्या बाईला कालचा वार सांगता येत नाही ती खुर्चीतून उठली, जवळ आली आणि तिच्या दंडावर हलकीशी चापट मारली. "असं बोलू नये गं. जाते काय! येते म्हणावं."

"पण मावशी, मी..."

"म्हण बघू."

आणि ती म्हणाली. काय करणार? सात वर्षांच्या मुलीसारखी म्हणाली, येते. मावशींचा चेहरा उजळला, आणि जिना उतरताना तिला वर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

बाबाही येतो म्हणाले होते. मी नऊ वर्षांची होते. नेहमीसारखेच, पाठमोरे, येतो गं. आणि मग आई कितीतरी महिने त्यांच्या वाटणीचा भात लावत राहिली, ताट मांडत राहिली, येतो म्हणालेत ना, मग येतील. मी चिडायचे. बाबांवर नाही, आईवर! अगं, येतो म्हणजेच जातो, शेंबड्या पोराला कळतं ते तुला कळू नये? एकदा ते ताट मी हातानं ढकलून दिलं होतं. भात सांडला. आईनं तो मुकाट्यानं गोळा केला. आई जाऊनही आता अकरा वर्षं झाली, आणि राग आहेच, कुठं गेलाय... हे सगळं आत्ता कशाला? काडी बसव. बसव काडी.

पाच वाजता ती उठली. "मी निघते आज."

"तब्येत?" मालकांनी विचारलं.

"नाही. कुणीतरी जेवायचं थांबलंय."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

रस्ता संपेना. बस दोन थांबे आधीच सोडून ती चालतच निघाली, चालताना मनात फोन चालूच – राहू शकतात हो, फक्त येते म्हणायचं नाही. हे काय उत्तर झालं? दार दिवसभर उघडं असतं. पातेलं जळलं होतं. उद्या कुणी दुसरंच येते म्हणालं आणि त्या शोधायला रस्त्यावर उतरल्या तर? पण विसरत नाहीत. पण... जिन्यापर्यंत येऊनही तिचं हो की नाही ठरेना.

दार उघडं होतं. उंबऱ्याशी खुर्ची, खुर्चीत मावशी, केस नीट विंचरलेले. जाऊन पडल्या नव्हत्या आज.

"आलीस!" त्या म्हणाल्या, जणू पाचच मिनिटं उशीर झाला होता. "लागली एकदाची लाइन. चल, पोटात कावळे ओरडतायत."

टेबलावर दोन ताटं. भात गार, भाजीला पाणी सुटलेलं. तिनं सगळं दोघींत वाटून घेतलं. मावशी भराभर जेवत होत्या, काही विसरल्याचं चिन्ह नाही. तिचा हात भातात असतानाच टेबलावरचा फोन वाजला. साडेसहा. ती उठून हात धुवेपर्यंत मावशींनी तो डाव्या हातानं उचललाही होता, आणि त्यांची पाठ अशी ताठ झाली की ती नळापाशीच थांबली.

"हॅलो. कोण हवंय आपल्याला?"

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "...आई?"

"आई का? एक मिनिट हं." मावशींनी मान वळवून खोलीत सगळीकडे पाहिलं – पलंग, खिडकी, ती. मग मवाळपणे, कुणालाही सांगावं तसं, "आई जागेवर नाहीत. काही निरोप आहे?"

नळ गळत होता. मग मुलाचा आवाज आला. "सांगा त्यांना... येतो म्हणून."

"येतो म्हणून. सांगते." मावशींनी फोन तिच्या ओल्या हातात दिला, उठल्या आणि मांडणीकडे गेल्या.

"ताई," फोन म्हणत होता, "ऐकलंत ना? मला ओळखलंही... ताई, मी काय कळवू त्यांना? हो की नाही?"

मावशींनी तिसरं ताट काढलं. पदरानं पुसलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि टेबलापाशी आणलं. येतो म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ती वाट बघत राहिली त्या जुन्या रागाची, आईवरच्या, ताटावरच्या, आता येईलच म्हणून.

"होल्ड करा," ती फोनमध्ये म्हणाली, आणि आपलं ताट जरा सरकवून तिनं तिसऱ्या ताटाला जागा करून दिली.