सासूबाईंची निवड

सासूबाईंना कलाकेंद्रात तिनंच आणलं होतं. सासरे गेल्यावर त्या दिवसभर घरात एकट्या बसून असायच्या. ती केंद्रात लाकूड कोरून छापचित्रं काढायला शिकवायची, म्हणून एके दिवशी म्हणाली, चला माझ्याबरोबर, निदान चार माणसं तरी दिसतील. सासूबाई आल्या, काही दिवस स्टुलावर बसून नुसत्या बघत राहिल्या आणि मग त्यांनी कोरायला एक लाकूड मागितलं. पटाशी कशी धरायची, शाईवर रूळ कसा फिरवायचा, सगळं तिनंच शिकवलं. सासूबाई घरातलंच काहीबाही कोरायच्या. वाळत घातलेले कपडे, उघडं राहिलेलं कपाट, तोंड उघडं टाकून झोपलेला मुलगा. हात कच्चा होता, पण ठोकळ्यावरून कागद उचलला की बघणारा थबकायचा. तीही थबकायची. तेव्हा तिला त्याचं कौतुकच वाटायचं.

परदेशातल्या एका केंद्राशी त्यांच्या केंद्राची देवाणघेवाण होती. दरवर्षी इथला एक कलावंत काही महिने तिथं राहून काम करायचा आणि तिथला एक इथं यायचा. तिनं आधीही अर्ज केले होते. यंदा पुन्हा केला आणि हौसेनं सासूबाईंचाही भरून टाकला.

निवड सासूबाईंची झाली. त्या गेल्या नाहीत किंवा मधेच परतल्या तर हिचा नंबर, असं संचालिकाबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं. ती सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागली आणि सगळ्यांच्या नंतर थांबली. हसून हसून गाल दुखले. घरी नवरा म्हणाला, आईला तू घडवलंस, म्हणजे हा तुझाच मान झाला. बिचारा मनापासून बोलत होता. तिनं हातातला डाव जरा जोरातच ओट्यावर ठेवला.

सासूबाईंची बॅग तिनंच भरली. स्वेटरच्या घड्या घालताना व्हिसा अडकला तर बरं, असं मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. व्हिसा वेळेत आला.

त्यांच्या बदल्यात तिकडून एक तरुण कलावंत आला आणि सासूबाईंच्याच टेबलावर बसला. माणूस चांगला होता, पण येता-जाता त्यांच्याबद्दलच विचारायचा. त्यांचं काम पाहूनच आपल्याला इथं यावंसं वाटलं, म्हणायचा. स्वतःचं काम तिनं त्याला दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, छान आहे, सफाई आहे. तो शब्द तिला दिवसभर टोचत राहिला.

मग एका दुपारी ती रूळ धूत असताना सासूबाईंचा फोन आला. आवाज पार उतरला होता. इथं कुणाशी बोलता येत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, लाकूड तर असं दिलंय की पटाशी घसरते. रोज ठोकळ्यासमोर बसते आणि तशीच उठते. शेवटी त्यांनी विचारलं, "परत यावं म्हणते. तुला काय वाटतं?"

तिच्या छातीत धस्स झालं, पण ते आनंदानं. तिनं ओले हात पुसले आणि आवाज सांभाळला.

"या आई, खुशाल या. तब्येतीपुढं कसली आलीय कला? तिकिटाचं मी बघते. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका."



"एक सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून इतक्या गोड आवाजात तू माझ्याशी कधी बोलली नाहीस."

तसं काही नाही आई, ती म्हणाली.

"तसंच आहे. त्यात लाजायचं काय? तू सकाळी पर्स अडकवून निघायचीस, तेव्हा मी खिडकीत उभी राहून जळायचे. तुझ्या डब्यातली भाजी मधूनमधून खारट व्हायची ना? ती काही चुकून नव्हती."

ती स्टुलावर बसली. चिडावं की हसावं, कळेना. इतकी वर्षं ती भाजी तिनं निमूट खाल्ली होती, वर आईंना हल्ली दिसत नाही म्हणून नवऱ्याला त्यांना घेऊन डॉक्टरकडं पिटाळलं होतं.

"मला यायचंय तिथं," ती शेवटी म्हणाली. "फार यायचंय. पण तुम्ही परत येऊ नका."

"नाही येत."

मग लाकूड कसं आहे, ते तिनं नीट विचारून घेतलं. पुष्कळ वेळ दोघी त्यावरच बोलल्या. ठोकळ्याला तेल चोळा, चांगलं मुरू द्या, पटाशीला सारखी धार लावत राहा, जोर मनगटाचा नको, खांद्याचा लावा. सासूबाई हं हं करत ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर जीव हलका होईल असं तिला वाटलं होतं, पण आतलं जळणं तसंच होतं.

सासूबाई ठरलेला सगळा काळ तिथं राहिल्या. परतण्याआधी त्यांनी एक छापचित्र पाठवलं. त्यात परक्या खोलीतली एक खुर्ची होती आणि तिच्यावर टाकलेला त्यांचा स्वेटर. तिनं ते उजेडात धरून खोट शोधली, पण सापडली नाही. चौकट तिनंच करून आणली आणि केंद्रात लावली, खिडकीपासून जरा लांब, उजेड कमी पडेल अशा जागी.