पहिलं हसू

ग्लेनाबा आजीच्या तोंडी लागायची मेंढ्यांचीसुद्धा छाती नव्हती. म्हणूनच नात वर्लीनला मुलगी झाल्यापासून आजी बाळाच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. अमेरिकेतल्या या नवाहो आदिवासींत समज आहे, की बाळ ज्याच्यामुळे पहिल्यांदा खळखळून हसतं, त्याचा स्वभाव उचलतं. पोरीनं आपला खाष्टपणा उचलला तर? या धास्तीनं म्हातारीला अन्न गोड लागेना.

वर्लीनचा भाऊ डेलबर्ट रोज बाळापुढे माकडचेष्टा करायचा. हसवणाऱ्यानं गावाला जेवण घालायचं आणि बाळाच्या हातून पाहुण्यांना मीठ वाटायचं असतं. त्याला तो मान हवा होता. बाळ मात्र ढिम्म.

त्या दिवशी आजी कड्यावरून रानगुलाबाची साल घेऊन आली. पाळण्याच्या फळीवर बाळाखाली हीच साल अंथरायची. झुडपावरची पिवळसर फुलं सरत आली होती आणि बियांना पिसांसारखे तुरे फुटले होते. आजीनं साल तळहातांवर चोळचोळून कापसासारखी मऊ केली. बाळ झोपलंय असं बघून ती जपून वाकली.

एवढ्यात डेलबर्टनं दारातून बोकडाचा आवाज काढला.

"अरे मेल्या, बोकडाच्या पोटी जन्मलास का? पोर उठेल ना!" आजी कडाडली. तिच्या डोक्यावरच्या रुमालात अडकलेला एक तुरा बाळाच्या नाकावर टेकला.

बाळानं डोळे उघडले, आजीकडे पाहिलं आणि ते खदखदून हसलं.

आजीनं कपाळावर हात मारून घेतला. "वाटोळं केलं गं मी पोरीचं!" तिच्या डोळ्यांना धार लागली.

"छे, छे, हे धरायचं नाही," डेलबर्ट घाईनं म्हणाला. "तुऱ्यानं हसवलं तिला. झुडपानं घालावं जेवण!"

"तू गप रे मामा!" वर्लीननं आजीचा खरखरीत हात हातात घेतला. "आजी, या झुडपाचं पान चाखलंयस कधी?"

"कडू जहर असतं."

"आणि त्याचीच साल तू माझ्या लेकीखाली अंथरतेस. मलाही त्याच्यावरच वाढवलंस. होऊ दे तिला तुझ्यासारखी."

आजीनं रुमालानं नाक पुसलं. मग डेलबर्टवर डाफरली, "बघत काय बसलायस ठोंब्या? मेंढी निवड! चांगली लठ्ठ! मीठ कुठंय?"

बाळ पुन्हा हसलं.