हेडमास्तरांचा संगणक

पेणजवळच्या खाडीकाठच्या शाळेत अठ्ठ्याण्णव साली संगणक आला आणि हेडमास्तर हैबतरावांची चालच बदलली. ते पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला रोह्याला गेले आणि मिळालेलं प्रमाणपत्र त्यांनी खुर्चीमागे फ्रेम करून टांगलं. 'उपस्थित राहिल्याबद्दल' असं त्यावर छापलेलं होतं. भूगोल शिकवणाऱ्या शकू ठाकूरची नजर तिकडे गेली की हसू दाबायला तिला खोकावं लागे. नुसतं हजर राहिल्याचं ज्याला एवढं कौतुक, त्या माणसाकडून अपेक्षा तरी काय करायची?

शकू रोह्याजवळच्या निडी गावची. रविवारी रोह्याच्या एका क्लासात बसून ती गुपचूप संगणक शिकली होती. पृथ्वीचा गोल फिरवून दाखवणारी एक सीडीही तिने मिळवली होती.

"सर, नववीला भरती-ओहोटी शिकवायचीय. संगणकावर दाखवली तर मुलांना लगेच कळेल," ती म्हणाली.

"बाई, हे यंत्र आहे, नकाशाची गुंडाळी नव्हे. आधी मुलांची थिअरी पक्की होऊ दे."

थिअरी म्हणजे हैबतरावांनी फळ्यावर खडूने काढलेला चौकोन आणि त्याला जोडलेले बाण. भरतीचं पाणी कधी चढणार हे ज्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक, ती मिठागरवाल्यांची मुलं 'माऊस हे निर्देशक साधन आहे' असं घोकत बसायची. खरा माऊस शेजारच्या खोलीत कुलपात होता.

जानेवारीत अलिबागहून शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. नववीतल्या मृणालीने सकाळीच टेबल पुसून ठेवलं होतं. हैबतरावांनी संगणक सुरू केला आणि एकविसाव्या शतकावर भाषण ठोकलं. वीस मिनिटं माऊसला कुणी हात लावला नाही, तसा पडदा आपोआप काळा झाला.

हैबतरावांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "लाइट गेली वाटतं," ते म्हणाले. डोक्यावर पंखा गरगरत होता. त्यांनी संगणकावर दोन थापट्या मारल्या. मग ओरडले, "टेबल कोणी पुसलं?"

"मी, सर."

"ओला फडका लावलास ना?"

"सुकाच व्हता, सर. मी नाय हात लावला त्याला."

"खोटं बोलतेस? उद्या बापाला घेऊन ये!"

नुसता माऊस हलवायचा होता. शकूला ते ठाऊक होतं. तरी ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. हैबतरावांच्या कपाळावरचा घाम तिने अगदी निवांत पाहिला. बुडू दे अजून थोडा, असंच तिच्या मनात होतं. मग मृणालीचा हुंदका ऐकू आला, तेव्हा कुठे ती पुढे झाली. माऊस हलला, पडदा उजळला.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली.

"बाईंना मीच तयार केलंय," हैबतराव म्हणाले.

साहेबांना ते पटलंही. महिन्याभरात हैबतराव इतर शाळांच्या शिक्षकांना शिकवायला आठवड्यातले तीन दिवस रोह्याला जाऊ लागले. त्या शिक्षकांच्या नशिबाला शकूने हात जोडले. संगणकाच्या खोलीची किल्ली मात्र तिच्याकडे आली.

पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरू लागला, मुलांची झुंबड उडाली. मृणाली तेवढी बाहेर उभी.

"ये गो आत."

"नको बाई. परत काला पडला तर सर माज्याच नावावर टाकतील."

"तो बिघडलाच नव्हता. मला तेव्हाच ठाऊक होतं."

मृणालीने मान वर केली. "मंग तवाच का नाय बोललात?"

'मी सरांची फजिती बघत होते,' हे शकूच्या तोंडून निघेना. इतके दिवस ज्याला ती तुच्छ लेखत आली, तो निदान घाबरून तरी मृणालीवर ओरडला होता. ती तर मजा घेत उभी होती.

दोन आठवड्यांनी मृणाली आत आली. भराभर शिकली. पण अडलं की शेजारच्या निकेशला विचारायची; शकूला तिने कधीच काही विचारलं नाही.